आळसावरचं औषध

३ फेब्रुवारी

दहा वाजून गेले तरी सूनबाईंचा दिवस उजाडलेला नाही. किन्शासात फेब्रुवारीत कावळेसुद्धा सावली शोधतात, आणि आमची लुझोलो स्वेटर घालून, वर चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. जुळी आळीपाळीनं रडतात. न्सिम्बा दमला की न्झुझी सूर धरते. बाटली कोण देणार? आजी. लंगोट कोण धुणार? आजी. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा फुलं हातात देऊन सगळे म्हणाले, मादाम, आता आराम करा. चांगलाच आराम चाललाय.

ही वही त्यासाठीच काढली. शाळेत असताना मनातलं सगळं लाल शाईनं पोरांच्या वह्यांत उतरवता यायचं. आता घरात तोंड उघडावं तर माझा ब्लेझ कपाळाला आठ्या घालून म्हणतो, आई, तिला बरं नाहीये. ऑगस्टात बाळंत झाली, आता फेब्रुवारी आला. मान्य, बाळंतपण अवघड गेलं. जुळं होतं, रक्त इतकं गेलं की दवाखान्यातल्या नन पाद्रीबाबांना बोलावून मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी मी गुडघे टेकून मारियामातेला विनवलं, ते काही खोटं नव्हतं. पण वाचली ना? वाचल्यावर माणसानं उठावं.

दूध तर थेंबभर आलं नाही. शेंगदाण्याचं कालवण झालं, ताडी झाली, गरम पाण्याचे शेक झाले. मी तीन पोरं पाजली, वर शेजारणीचं एक. हिला विचारलं तर म्हणते, "आई, छातीत काही भरूनच येत नाही." मनातच नसलं तर छातीत कुठून येणार?

११ फेब्रुवारी

रोगनिदानाची जत्रा भरली होती घरात. लिहून ठेवते, पुढे करमणूक होईल.

आधी कोपऱ्यावरचा दवाखाना. तिथे पाय मुरगळून गेलात तरी मलेरिया आणि टायफॉइड निघतो. दोन्ही एकदम. नुसता मलेरिया तिथे कोणाला झाल्याचं मी ऐकलेलं नाही. लुझोलोला दोन्ही निघाले. सलाईन लावलं, दोन दिवस तोंडावर जरा तजेला आला, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग ब्लेझची आत्या आली. तिचं म्हणणं, जुळी रागावली आहेत. बारशाला कोणीतरी न्सिम्बाला दोन झबली दिली आणि न्झुझीला एकच, आणि जुळ्यांना सारखं दिलं नाही तर ती आईची शक्ती ओढून घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणे. मी खो खो हसले. दुसऱ्या दिवशी बाजारातून न्झुझीसाठी एक झबलं आणलं. झबलं तसंही लागणारच होतं.

शेवटी ब्लेझनं त्याच्या त्या नव्या चर्चचा पास्टर इलुंगा आणला. आम्ही जुने कॅथलिक, आमचा देव हळू बोललेलंही ऐकतो. याचा बहिरा असावा. खोलीत माणसं चार आणि हा ध्वनिक्षेपक घेऊन आला. हात हवेत फिरवून त्यानं सांगितलं की हिला रात्री येणारा एक अदृश्य नवरा आहे, तो हिचं दूध आणि झोप दोन्ही नेतो. दिवसाचा नवरा तिथेच मान खाली घालून उभा होता. मला त्याची दया आली. झोप नेतो म्हणे! बाईसाहेब चौदा तास झोपतात.

माझं निदान कोणी विचारलं नाही. मी आयुष्यभर वर्ग सांभाळलेत. शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसणारी पोर मी लांबून ओळखते. याला आळस म्हणतात, आणि त्यावर औषध एकच, कोणीतरी मागे लागणं.

२४ फेब्रुवारी

मागे लागून दमले. तिला काही विचारलं की उत्तर तिच्या माहेरून, मातादीहून, पायी निघाल्यासारखं येतं. आवाजही जड झालाय. केस गळतात ते गळतात, भुवयासुद्धा विरळ झाल्यात. फॅशन असेल. काल साधा पोंडू, कसाव्याचा पाला, शिजवायला सांगितला, तर पानं कुटता कुटता उखळाला टेकून बसली आणि डोळे मिटले. मी विचारलं, "लग्न करून आलीस की झोपायला?" तर "माफ करा, आई," एवढंच. भांडत नाही, रडत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आज ब्लेझला सांगून टाकलं. ईस्टर झाला की मातादीहून तिच्या मामांना बोलवायचं, दोन्ही घरची माणसं बसवायची, आणि मुलगी रीतीप्रमाणे परत करायची. आमच्यात मुलगी मामांच्या कुळाची, तिचा बरावाईट जबाब त्यांनीच द्यायचा. ब्लेझ बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, मुलंही मामांच्याच कुळाची, आई, ती जातील तिच्याबरोबर.

हे मला कोणी शिकवायला नको. पण न्झुझी आता माझा चष्मा ओढायला शिकली आहे.

तरी निरोप पाठवलाच. एकदा दिलेली शिक्षा मी कधी मागे घेतलेली नाही.

९ मार्च

नवल! सूनबाई माझ्याआधी उठल्या.

अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, मिकातेचे गोड वडे तळून ताटात. स्वेटर खुंटीला. वर गाणं गुणगुणत होती. मला वाटलं शेजारचा रेडिओ. लग्नाला दोन वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं हिला गाता येतं म्हणून.

मामांच्या नावानं बरोब्बर काम केलं. ब्लेझला म्हटलंसुद्धा, बघ, धाक असला की सगळे रोग पळतात. तो म्हणाला, असेल. पण तिच्याकडे असा बघत होता की मीच उठून आत गेले.

१७ मार्च

अजून टिकलंय. खाते, हसते, जुळ्यांना एकटी अंघोळ घालते. गाल वर आलेत. काल मी मीठ जास्त टाकलं म्हणून मला बोलली, आणि खरंच जास्त होतं. मामांना येऊ नका म्हणून कळवावं का, असा विचार मनात आला.

एकच खुपतं. ती शेजारची सोलांज रोज येते. बाजारात घमेलं घेऊन बसते, काय विकते ते विचारायची सोय नाही. दोघी खोलीत कुजबुजतात आणि मी आले की पावसाबद्दल बोलायला लागतात.

२० मार्च

शेवटी सापडलं. जुळ्यांच्या दुधाच्या डब्यात, भुकटीच्या खाली, कागदाची पुडी. आणि पुडीत त्या गोळ्या!

कोणत्या, ते या शहरातल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. ज्या खाऊन बायका महिन्याभरात गाल आणि पार्श्वभाग फुगवतात आणि मग घट्ट लुगडं नेसून रस्त्यानं डुलत जातात, त्या. सोलांजच्या घमेल्यात टोमॅटोखाली काय असतं ते कळलं एकदाचं. म्हणजे हे सगळं उठणं, गाणं, झाडणं, माझा धाक नव्हे! मुख्याध्यापिकेच्या सुनेला गुबगुबीत व्हायचं होतं!

मी पुडी उचलली आणि सरळ संडासाच्या खड्ड्यात टाकली, तिच्या डोळ्यांदेखत. तिनं माझा हात धरला. पहिल्यांदाच धरला, आणि चांगला घट्ट. म्हणाली, "आई, टाकू नका. जाडीसाठी नाही खात मी. ती गोळी घेतली की मी माणसात येते. नाही घेतली की पुन्हा ते सुरू होतं." मी म्हटलं, दारुड्याही हेच म्हणतो. मग तिला शील, आरोग्य आणि सोलांज या तीन विषयांवर नीट समज दिली. बोलायला सुरुवात केली की मला शाळा आठवते, जरा लांबलं.

सोलांजला अंगणाच्या फाटकातूनच परत लावलं. ती म्हणाली, "मादाम, मी तिला अर्धीच देत होते, तीही ती मागायची म्हणून. हिचं काहीतरी वेगळं आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा." टोमॅटोवालीनं आता मला दवाखाना शिकवावा!

२२ मार्च

पुन्हा अंथरूण, पुन्हा चादर. सकाळपासून ओकते आहे. पोट दुखतं म्हणते. गोळ्या गेल्या म्हणून हा रुसवा आहे, मला सगळं कळतं. वर्गात परीक्षेच्या दिवशी असली पोटं मी ढिगानं पाहिली आहेत. ब्लेझ पास्टरला फोन करून आला. पास्टरनं उपास सांगितला. तिच्या पोटात तसंही पाणी ठरत नाही, तेव्हा उपास आपोआपच चालू आहे.

२३ मार्च

सकाळी बाटली घेऊन खोलीत गेले. न्सिम्बा तिच्या छातीवर बसून तिचं नाक ओढत होता आणि ती हलत नव्हती. हाक मारली. गालावर चापट मारली. अंग गार आणि ओलं. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मी ओरडले. मी कधी ओरडत नाही, शाळेत माझी नुसती नजर पुरायची. ओरडल्यावर फाटकातून पहिली कोण आली, तर सोलांज. तिनंच टॅक्सी अडवली, तिनंच लुझोलोचे पाय धरून आत घातले. मी जुळी घेऊन मागे बसले. 

२४ मार्च

काल सगळं लिहिण्याची ताकद नव्हती. आज लिहिते.

मोठ्या इस्पितळात तातडीच्या खोलीत एका तरुण डॉक्टरनं बघितल्या बघितल्या सांगितलं, मलेरिया. आणि टायफॉइड. म्हणजे मोठ्या इस्पितळातही तीच पाटी, फक्त इमारत उंच. साखर खाली गेली होती म्हणून साखरेचं पाणी लावलं. रक्तदाब मोजायचं यंत्र दोनदा बदललं, कारण यंत्र बिघडलंय असं त्यांना वाटलं. मग पोट दुखत होतं म्हणून शस्त्रक्रियेचा डॉक्टर आला, त्यानं पोट दाबलं आणि आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, कापायला घ्यावं म्हणाला. ज्याच्या हातात सुरी, त्याला सगळीकडे आंत्रपुच्छ.

तेवढ्यात ही डॉक्टर कापिंगा आली. वय माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींएवढं, कानात भलेमोठे डूल. मी मनात म्हटलं, आता ही काय दिवे लावणार. तिनं पेशंटला हातही लावायच्या आधी मला विचारलं, बाळंतपणात रक्त गेलं होतं का. म्हटलं, बादलीभर. दूध आलं होतं का. नाही. पाळी सुरू झाली का. मला काय ठाऊक? ब्लेझ खाली बघत म्हणाला, नाही, तेव्हापासून एकदाही नाही. थंडी वाजते का, केस गळतात का, झोपते का. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर आमच्या घरात राहून गेल्यासारखं विचारताय.

मग तिनं विचारलं, कुठलं औषध चालू होतं का.

आणि मी, मान ताठ करून, सगळी खोली ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "होतं. जाड व्हायच्या बाजारू गोळ्या खात होती. मी तीन दिवसांपूर्वीच संडासात टाकल्या सगळ्या."

मला वाटलं ती शाबासकी देईल. सगळे डॉक्टर त्या गोळ्यांच्या नावानं खडे फोडतात, रेडिओवरसुद्धा सांगतात. तिनं मग वळून नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि म्हणाली, आत्ता, या मिनिटाला, रक्ताचे रिपोर्ट नंतर बघू. सुरीवाल्याला म्हणाली, हात लावाल तर टेबलावरच जाईल ती. नर्स पळाली. नर्सेस पळताना मी या शहरात पहिल्यांदा पाहिल्या.

मी घाबरले. हे इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. बाहेरच्या बाकावर दोन्ही पोरं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझे गुडघे थांबत नव्हते. न्झुझीला तो खेळ वाटला, ती हसत होती.

दुपार कलली तेव्हा लुझोलोनं डोळे उघडले. आधी विचारलं, पोरांना कोणी पाजलं का.

२७ मार्च

डॉक्टर कापिंगानं ब्लेझला आणि मला समोर बसवून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. स्वतः फारसं काम करत नाही, बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. बाळंतपणात रक्त वाहून गेलं तेव्हा त्या वाटाण्याला रक्त पुरलं नाही, तो सुकला. मग दूध नाही, पाळी नाही, अंगात ऊब नाही, उठायला बळ नाही. शिक्षक सगळे जागेवर, पण मुख्याध्यापिका गेली, की शाळेचं काय होतं ते मला विचारा. हे उदाहरण माझं. डॉक्टरला फार आवडलं.

आणि त्या गोळ्या? त्यांत एक औषध असतं, ते धडधाकट माणसाचं वाटोळं करतं. पण हिच्या अंगात जे तयारच होत नव्हतं, त्याची जागा त्यानं नकळत भरून काढली होती. म्हणून ती उठली, म्हणून गायली. ते एका दिवसात तुटलं. "अजून काही तास उशीर झाला असता तर संपलं होतं," डॉक्टर म्हणाली. कोणाकडे बघून म्हणाली नाही. भिंतीवरच्या फळ्याकडे बघून म्हणाली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी उखळाची गोष्ट सांगून विचारलं, हिला आळस नव्हताच का मग, अजिबात? ती म्हणाली, "मादाम, त्या अवस्थेत मी असते तर मला उखळापर्यंत चालताही आलं नसतं."

५ एप्रिल

लुझोलो घरी आली. आता खऱ्या गोळ्या, आयुष्यभर, रोज. आणि श्रेय वाटून घ्यायला रांग लागली. पास्टर म्हणाला, अदृश्य नवरा सुईला भ्याला. आत्या म्हणाली, झबल्यानं फरक पडला, आधी ऐकलं असतं तर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यानं आठवण करून दिली की सलाईन पहिलं त्यांनीच लावलं होतं. सोलांज काहीच बोलली नाही. डॉक्टरनं तिला असं झापलंय की घमेल्यात आता वरपासून खालपर्यंत टोमॅटोच आहेत. मी चाचपून पाहिले.

जेवताना मी ब्लेझला म्हटलं, तसं पाहिलं तर मी त्या टाकल्या नसत्या तर रोग सापडलाच नसता. तो ताटावरून उठला. मासा तसाच राहिला.

ब्लेझनं मातादीला मामांना नको म्हणून कळवलंय. कारण त्यानं काय सांगितलं, मला सांगितलं नाही.

१२ एप्रिल

आज तपासणीसाठी गेलो. डॉक्टर कापिंगानं सांगितलं, ताप आला, उलट्या झाल्या, गोळी पोटात टिकली नाही, की पुन्हा तेच होऊ शकतं. म्हणून घरात इंजेक्शनचा डबा ठेवायचा आणि घरातल्या एकानं मांडीत सुई द्यायला शिकायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत जीव त्यावर राहतो. ब्लेझ दिवसभर बंदरावर असतो, शिवाय रक्त पाहिलं की बसकण मारतो. म्हणजे उरलं कोण? मी हात पुढे केला. नर्स डबा माझ्या हातात ठेवणार, इतक्यात लुझोलो बोलली. हळू नाही, अडखळत नाही. आता तिला अडखळायला होत नाही.

"आईंकडे नको. सोलांजला शिकवा. ती समोरच राहते."

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काय हरकत आहे, सोलांजचे हात मोकळेच असतात हल्ली. आणि सगळ्यांत आधी बाहेर पडले. व्हरांड्यात कोणाच्या तरी पेशंटची विचारपूस करत उभी राहिले. कोण होता देव जाणे.

१९ एप्रिल

डबा सोलांजच्या घरात, दाराच्या मागे खिळ्याला टांगलाय. फाटकातून दिसतो. आमच्या घरातला जीव तिच्या खिळ्याला. लुझोलो माझ्याशी व्यवस्थित वागते. चहा देते, पोरं माझ्या मांडीवर देते, मीठ जास्त झालं तर सांगते. मी खोलीत गेले की मात्र गोळ्यांची डबी उचलून कमरेला खोचते. मुद्दाम नाही करत, हात आपोआप जातो. मुद्दाम केलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. आता काय सुनावणार?

२ मे

समजा सोलांज बाजारात असली तर? बाजारात तर ती असतेच. मग धावत कोण जाणार, दार कोण उघडणार, सुई कोण देणार? एवढा साधा विचार कोणी केला नाही. औषधवाल्याकडून रिकाम्या सिरिंज आणल्या. सोलांजला नर्स शिकवत होती तेव्हा मी खिडकीशी उभी होते, सगळं पाहिलंय. साठी उलटली म्हणून काय झालं, मला एकदा पाहिलेलं पुरतं.

८ मे

रोज सगळे बाहेर गेले की स्वयंपाकघरात एक पपई घेते आणि टोचते. पपई कच्ची हवी, पिकलेलीत सुई फार सहज जाते. मग त्याच पपईचं कालवण करते म्हणजे पुरावा राहत नाही. ब्लेझ परवा म्हणाला, हल्ली पपईच का रोज?

आज टोचत होते, पाणी भरलं, हवा काढली, आणि मागे वळले तर दारात लुझोलो. कडेवर न्सिम्बा. केव्हापासून उभी होती कोण जाणे. टेबलावर चाळणी झालेली पपई, माझ्या हातात सुई. 

ती जवळ आली. पपईकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"तिरपी धरताय, आई. सरळ धरायची असते."

मी सरळ धरली. दाबली. शेवटपर्यंत दाबली. विचारलं, आता?

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि पोराला घेऊन अंगणात गेली.

डबा अजून सोलांजकडेच आहे.